गाडी बाजारात उभी राहिली की तापते, हायवेला लागली की थंड होते. रेडिएटर बदलावा का?

तुमची गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मालवणात उघड्यावर उभी असते. बाजारपेठेत अडकलात की तापमानाचा काटा चढतो, कसालला हायवेला लागलात की उतरतो. गॅरेजवाल्याने काही न उघडताच रेडिएटर बदला म्हणून सांगितलंय. इतक्यात बदलू नका.

पळत्या गाडीत रेडिएटरला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत तो एकटा फॅन देतो. पळताना थंड होते त्याअर्थी कुलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) फिरतंय आणि रेडिएटर आतून बऱ्यापैकी मोकळा आहे. फोंडा घाट चढताना किंवा हायवेला सलग वेगात तापली असती, तर बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा वॉटर पंप यांच्यावर पहिला संशय गेला असता. तुमच्या गाडीत तो फॅनवर जातो.

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. रेडिएटरची कॅप साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते, म्हणूनच कुलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीची कॅप फिरवली की दाब जातो आणि सगळं उकळून तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो, हा शहाणपणा नको.

थंड गाडीत कुलंटची पातळी रेडिएटरमध्येच बघा, बाजूची कुलंटची प्लॅस्टिकची बाटली नुसती बघून समाधान मानू नका. कॅपचं रबर गेलं असेल किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिरली असेल, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. रेडिएटरला कॅपच नसेल आणि दाबाची कॅप बाटलीवर असेल, तर तिथली खूण बघा.

आता गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन फिरायला लागतो. फिरलाच नाही तर आधी फ्यूज बघा, फॅनचा बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. मग रिले, म्हणजे फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. फ्यूजच्या डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले सापडला तर अदलाबदल करून बघा. तरीही शांत असेल तर फॅनचा कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, मधे फ्यूज असलेल्या जाड वायरने. फिरली तर मोटर ठीक, दोष वायरिंगमध्ये. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर आपणहून सुरू होत नाही, असं असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा. हे करताना बोटं पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

आपल्याकडे याहून फसवा प्रकार जास्त: फॅन फिरतो, पण मंद. गॅरेजवाला बघतो, फॅन चालू आहे म्हणतो आणि रेडिएटरवर येतो. खाऱ्या दमट हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, बॉडीला बोल्ट मारलेली अर्थिंगची वायर आतून गंजते आणि मोटरला पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. फॅन चालू असताना काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन फॅनच्या अर्थिंगच्या वायरला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग छान, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर सापडला. मग पॉझिटिव्ह बाजूला बॅटरी आणि फॅन यांच्यामधला फरक तसाच मोजा. मात्र फॅन दोन वेगांचा असेल, तर कमी वेगाला रेझिस्टर मुद्दाम व्होल्ट पाडतो. त्यामुळे हे माप पूर्ण वेगाला घ्या. कमी वेग कधीच लागत नसेल, तर बहुधा तो रेझिस्टरच जळालेला असतो.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. अर्थिंगच्या बोल्टखालचा पत्रा घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर साफसफाईवर भागवू नका, वायरच्या तुकड्यासकट कनेक्टर बदला. फॅनला डॅशबोर्डवरून थेट स्विच टाकून देतो म्हणणारे भेटतील. घरी पोचण्यापुरतं चालेल, पण इतका करंट बारीक वायर आणि दिव्याचा स्विच सोसत नाहीत, रिले हवाच. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच कुणी काढून टाकलं नाही ना, आणि मोटर बदलताना तारा उलट जोडून फॅन उलटा फिरत नाही ना, तेही बघा. रेडिएटरमागचा फॅन वारा इंजिनकडे ओढायला हवा. कागदाचा तुकडा समोरच्या जाळीवर चिकटून राहिला तर दिशा बरोबर.

फॅन निर्दोष निघाला तर रेडिएटरची जाळी तपासा. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी तशीच जाळी) पुढे, रेडिएटर मागे. दोघांच्या फटीत लाल माती, पाचोळा आणि किडे थापले जातात, समोरून काहीच दिसत नाही. साध्या पाइपाने, इंजिनच्या बाजूने बाहेर असं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, पत्री पापुद्रे आडवे होतात. पापुद्र्यांवरून बोट फिरवल्यावर पांढरा भुगा पडत असेल, तर खाऱ्या हवेने ते खाल्लेत. रेडिएटर गळत नसला तरी उष्णता बाहेर टाकत नाही. मग मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं, बदलाच.

थर्मोस्टॅटची शंका असेल तर काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्यावर ८२, ८८ असा अंश छापलेला असतो. त्याच्या आसपास तो हलायला हवा आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडायला हवा. कोकण गरम, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, हा सल्ला ऐकू नका. इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं आणि काही इंजिनांत कुलंट रेडिएटरला बगल देऊन फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करणं हाही त्याच जातीचा उपाय. आज भोक बुजतं, पुढे हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

कुलंट भरताना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी टाळा. खाडीजवळच्या मचूळ पाण्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं. पाच लिटरची क्षमता असेल तर अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अडीच लिटर डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रण आणलंत तर त्यात काही मिसळू नका. गाडीचं नाक चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. आत हवा अडकली तर नवं कुलंट असूनही काटा चढतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तरी लगेच घाबरू नका. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पानेही तो येतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, बाहेर गळती न दिसता कुलंट रोज कमी होत असेल किंवा थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा टणक होत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. ते घरचं काम नाही, गाडी टो करूनच न्या.

तोवर वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, गाडी बाजूला. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून थंड हवा आली तर कुलंट संपलंय असं समजा आणि इंजिन लगेच बंद करा. अशा वेळी सेन्सर कोरडा पडून काटा खोटं सांगू शकतो. काढलेलं जुनं कुलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.