अहवालावरची तारीख

प्रिय ताई,

माझे वय 34 आणि पत्नीचे 32 आहे. गेली तीन वर्षे आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. पत्नीच्या गर्भनलिकांचा एक्स-रे झाला, दुर्बिणीतून तपासणी झाली, बीज तयार होण्याच्या गोळ्याही अनेक महिने देऊन झाल्या. आता डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवले आहे. माझी वीर्यतपासणी सव्वादोन वर्षांपूर्वी झाली असून ती पूर्णपणे नॉर्मल आहे. असे असूनही पत्नी मला पुन्हा तपासणी करून घ्यायला सांगते, मी नकार दिला की रडते, आणि गेला महिनाभर आमच्यात नीट बोलणेही झालेले नाही. मी निर्व्यसनी आहे. दीड वर्षापासून नियमित जिमला जातो, ट्रेनरच्या सांगण्यावरून ताकदीसाठी आठवड्याला एक तेलकट इंजेक्शन घेतो, आणि माझी तब्येत पूर्वी कधी नव्हती इतकी उत्तम आहे. वैवाहिक संबंधांतही काही अडचण नाही. तिचा हा अविश्वास मला फार लागतो. तिला आयव्हीएफसाठी कसे तयार करावे?

– एक वाचक


तुमच्या पत्रातील बाकी सगळा मजकूर मी तूर्त बाजूला ठेवते आणि 'तेलकट इंजेक्शन' या दोन शब्दांपाशी थांबते. तुम्ही ते व्यायामाच्या ओघात सांगून पुढे गेला आहात. डॉक्टरांनी 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारले असेल तेव्हाही तुम्ही 'काही नाही' असेच उत्तर दिले असेल, कारण तुमच्या लेखी ते औषधच नाही. त्या बाटलीवरचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे खात्रीने बोलणे मला शक्य नाही. परंतु जिममधून मिळणारे, आठवड्याला एकदा स्नायूत टोचायचे, ताकदीचे तेलकट इंजेक्शन म्हटले की टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच जातीच्या एखाद्या स्टेरॉइडची शंका फार दाट असते.

आता तुमच्या अहवालावरची तारीख पाहा. तपासणी सव्वादोन वर्षांपूर्वीची आहे आणि इंजेक्शने दीड वर्षापासून चालू आहेत. ज्या कागदाच्या बळावर तुम्ही पत्नीला नकार देत आहात, तो कागद पहिले इंजेक्शन घेण्याच्या नऊ महिने आधीचा आहे. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि पुढे वाहिन्यांतून बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात, म्हणजे वीर्याचा कोणताही अहवाल फार तर मागच्या तीन महिन्यांची हकीकत सांगतो. तुमच्या हातातील अहवाल खोटा नाही, पण तो आजच्या तुमच्याविषयी काहीही सांगत नाही.

बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणू वाढवत असेल, असे पुष्कळ पुरुषांना वाटते. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडून वृषणांना कामाला लावते. रक्तात बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसले की ही ग्रंथी आपले संदेश थांबवते. मग वृषणे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे सोडतात. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावी लागते. ती कोसळते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावत मंदावत पुष्कळदा पूर्ण थांबते. दंडाचे स्नायू फुगत असतात आणि वृषणे आक्रसत असतात.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनचा अभ्यास झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलीग्रॅमचे इंजेक्शन देण्यात आले, आणि त्यांतील 157 जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. त्यानंतरच्या वर्षभरात या पुरुषांपासून अवघी एक गर्भधारणा झाली. तुमच्या बाटलीत हेच औषध असेल, तर दीड वर्ष तुम्ही दर आठवड्याला गर्भनिरोधक टोचून घेत आहात आणि त्याच काळात तुमची पत्नी गर्भ राहावा म्हणून गोळ्या घेत आहे. हे लिहिताना मला तुमचा राग आला आहे आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

संबंधांत अडचण नाही म्हणून आपल्यात दोष नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. इच्छा आणि ताठरता रक्तातील टेस्टोस्टेरॉनवर चालतात आणि ते तर तुमच्या रक्तात ओतप्रोत आहे. वीर्य दिसायलाही पूर्वीसारखेच राहते, कारण त्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो आणि शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा असतो. नसबंदी झालेल्या पुरुषालाही वीर्यात फरक जाणवत नाही. म्हणूनच पुरुषाची प्रजननक्षमता त्याच्या उत्साहावरून ओळखता येत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते.

तुम्ही काय करायचे, ते आता सांगते. पुढचे इंजेक्शन घेऊ नका. बाटली आणि तिचे खोके जपून ठेवा, ती घेऊन याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञाकडे किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या प्रजनन-आरोग्याच्या तज्ज्ञाकडे) जा आणि पहिल्या वाक्यातच सांगा की हे मी दीड वर्ष घेत आहे. ते वृषणांची तपासणी करतील, रक्तातील एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन पाहतील, रक्त घट्ट झाले आहे का आणि यकृत ठीक आहे का हेही पाहतील, आणि वीर्यतपासणी पुन्हा सांगतील. त्या तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळायचे असते. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा असेल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा. प्रति मिलीलीटर 1 कोटी 60 लाख ही संख्येची सध्याची खालची संदर्भमर्यादा मानतात. आकडा शून्य आला तर हादरून जाऊ नका. एका नमुन्यावर निर्णय देत नाहीत, आणि या कारणाने आलेले शून्य बहुतेकदा भरून निघते. टेस्टोस्टेरॉन थांबवलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या नोंदी 2006 साली एकत्र अभ्यासल्या, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत आणि दहातील नऊ जणांचे वर्षभरात प्रति मिलीलीटर 2 कोटींपर्यंत परतलेले आढळले. जिममधले डोस पुष्कळदा याहून मोठे असतात आणि तेव्हा वेळही जास्त लागू शकतो. निर्मिती लवकर सुरू व्हावी म्हणून डॉक्टर औषधे देऊ शकतात. ती त्यांच्याकडूनच घ्या. 'कोर्स संपल्यावर घ्यायच्या' म्हणून ट्रेनर ज्या गोळ्या देतो, त्यांना हात लावू नका.

आयव्हीएफसाठी पत्नीला कसे तयार करावे, असे तुम्ही विचारले होते. त्या उपचारात तिला साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतील, वारंवार सोनोग्राफी करावी लागेल आणि शेवटी भूल देऊन योनिमार्गातून सुई घालून बीजे काढावी लागतील. तुमचे इंजेक्शन थांबवण्याने जे कदाचित साधेल, त्यासाठी तिने हे सारे सोसावे, हा आग्रह तुमच्याकडून होता कामा नये. तुमचे अहवाल हाती येईपर्यंत तो विषय तुम्ही काढू नका. तिचे वय 32 आहे, म्हणून उशीरही नको. डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घ्या असे मी म्हणते, ते त्यासाठीच.

आणि हे सगळे तुम्ही आज रात्री तिला सांगायचे आहे, डॉक्टरांकडे जाण्याआधी. त्याचे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. इंजेक्शन थांबल्यानंतर शरीराची स्वतःची निर्मिती सुरू होईपर्यंत काही आठवडे किंवा काही महिने तुम्हाला थकवा येईल, मन उदास राहील, चिडचिड होईल आणि शरीरसंबंधांची इच्छा कमी होईल. कारण माहीत नसेल तर ती त्याचा दोष स्वतःकडे घेईल. गेली तीन वर्षे ती तेच करत आली आहे. उदासी फार वाढली तर डॉक्टरांना लगेच सांगा आणि चुकूनही पुन्हा बाटलीकडे वळू नका.

तिने एक साधी, वेदना नसलेली तपासणी मागितली आणि तुम्ही त्या मागणीला अविश्वास म्हटले. स्वतः एक्स-रे आणि भूल सोसून आलेली बाई नवऱ्याकडे एक नमुना मागते, यात अविश्वास कुठला? तिला सांगताना बाटली तिच्या हातात द्या. नाव तिला वाचू द्या, ती विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्या, आणि डॉक्टरांची वेळ ठरवण्यासाठी फोन करायचा तो तिच्यासमोर करा.