आईच्या चालीतली आरती

प्रश्न : घरच्या गणपतीत बाबा पेटी वाजवायचे, आई आरत्या सांगायची. दोघंही आता नाहीत. वर्षश्राद्ध झालं, यंदा गणपती पुन्हा बसवतोय. आईची चाल थोडी वेगळी होती, आम्हा भावंडांना ती अर्धवट आठवते. त्या दोघांची एक जुनी कॅसेट सापडली आहे. आरतीच्या वेळी तीच लावावी का?

उत्तर : लावू नका. चाल कॅसेटवरून शिका आणि आरती तोंडानेच म्हणा. रेकॉर्डिंग लागलं की माणसं नुसत्या टाळ्या वाजवतात, मुलांना शब्द येतच नाहीत.

कॅसेट घाईने टेपमध्ये घालू नका. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. जाणकाराकडूनच साफ करून घ्या, नाहीतर ती टेपच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) आणि तिथून दुसऱ्या कॅसेटना लागते. फीत स्वच्छ असेल तर आधी वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. चिकटलेले वेढे सुटतात. आवाज दबका येत असेल तर बहुधा फितीमागची नमद्याची गादी पडलेली असते. अशी फीत स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात हलवता येते. गादी शाबूत असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि तरीही फरक पडला नाही तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत झांज सर्वांत खणखणीत वाजते तिथे थांबा.

टेपच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) यूएसबी कन्व्हर्टरने संगणकावर घ्या. माइकच्या भोकात वायर घातली तर आवाज फाटतो. रेकॉर्डिंगची सेटिंग ठेवा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. ६० मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबी होते. खरखर काढायच्या नादात आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवरच प्रयोग करा.

आता बाबांची पेटी कामाला येते. रेकॉर्डिंगमधला षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीवर शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर टेपचा वेग चुकतो आहे. वेग ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. बाबा कोणत्या पट्टीत वाजवत ते कुणाला आठवत असेल तर त्यावरून संगणकात वेग दुरुस्त करा.

मात्र आईची पट्टी तुम्ही धरायलाच हवी असं नाही. ती काळी चारमध्ये (सप्तकातली चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) म्हणत असेल आणि घरात आता पुरुषांचे आवाज जास्त असतील, तर वरच्या ओळीला सगळे गप्प होतात. काळी एकमध्ये उतरवा, चाल तीच राहते. टिपून ठेवायचं ते वेगळंच : ती कोणती ओळ दोनदा घेते, श्वास कुठे घेते, ‘जय देव जय देव’ला लय कुठे वाढते. वहीत शब्दांवरच खुणा करा. एकेका भावंडाने एकेक आरती उचलावी, म्हणजे सुरुवात कोणी करायची हा घोळ होत नाही.

तालीम श्रावणातच सुरू करा. पेटी त्याआधी तपासा : एकही पट्टी न दाबता भाता भरा, हवा लगेच उतरली तर गळती आहे. पावसात पट्ट्या फुगून अडकतात, त्यासाठी सुकं कापड आणि कोरडी जागा पुरते; गळतीला मात्र कारागीर लागतो, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो मिळणं कठीण.