एफडी मोडून युद्धनौकांची पाकिटं घ्यावीत का?

प्रश्न: बडोदा, दांडिया बाजार. वय 58, निवृत्तीला दोन वर्षं. ओळखीतला एक संग्राहक 1930 च्या दशकात अमेरिकी युद्धनौकांवरच्या टपाल कार्यालयांत शिक्का पडलेली 180 टपाल पाकिटं 3,60,000 रुपयांना देतोय. त्यात दोन 'अ‍ॅरिझोना' या युद्धनौकेची आहेत. तेवढ्याच रकमेची एफडी मोडू का?

उत्तर: नमस्कार. एफडी मोडू नका. पाकिटामागे 2,000 रुपये पडतात. त्या काळात छांदिष्टांनी स्वतःच ढिगांनी पाकिटं जहाजांवर धाडून शिक्के मारून घेतले, त्यामुळे साधी पाकिटं परदेशात पाच-दहा डॉलरला मिळतात. बाकीची 178 तशीच असतील, तर तुम्ही जवळजवळ सगळा पैसा दोन पाकिटांसाठी ओतताय. परत विकताना व्यापारी बरेचदा निम्माही भाव देत नाही, लिलावात कमिशन कापलं जातं, आणि पैसे नेमके हवे असतात तेव्हा गिऱ्हाईक नसतं.

आता ती दोन. 'अ‍ॅरिझोना' 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरमध्ये बुडाली. म्हणून तिला भाव आहे, आणि म्हणूनच तिच्या नकलाही निघतात. अंधाऱ्या खोलीत पाकिटावर यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा लखलखला तर संशय धरा: कागद उजळ करणारी ती रसायनं महायुद्धानंतर रुळली. तिकीट अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं, तीन सेंटचं, जांभळं असेल तर ते जून 1938 मध्ये निघालं. शिक्क्यावर त्याआधीची तारीख म्हणजे पाकीट बनावट. भिंगातून शिक्क्याची गोल रेघही बघा. तिकिटावरून कागदावर उतरताना ती त्याच वळणात पुढे गेली पाहिजे. सरकलेली दिसली तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं.

पाकिटं खरी वाटली तरी विक्रेत्याला स्पष्ट सांगा: ही दोनच सुटी घेतो, तीही तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रानंतर. तयार नसेल तर सौदा सोडा. पैसे पगारातून छंदासाठी बाजूला काढलेल्या रकमेतूनच द्या, आणि प्रत्येक पाकिटाची किंमत वहीत लिहा, म्हणजे तुमच्या मागे घरच्यांना कोणी गंडवणार नाही.

घेतलीत तर पीव्हीसीच्या स्वस्त फोल्डरमध्ये ठेवू नका. बडोद्याच्या पावसाळी दमटपणात ते पाकिटाला चिकटतं आणि शाई ओढतं. पॉलिएस्टरचे पारदर्शक कव्हर घ्या, पाकिटं उभी ठेवा आणि जूनपासून डब्यातली सिलिका जेल बदलत राहा.