ग्रीसच्या सायक्लाडीझ बेटांवर फेरीने जाताना
जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा वारा जोर धरतो आणि तो फारच वाढला की बंदरातून बोटी सोडल्या जात नाहीत. म्हणून अथेन्सहून परतीचे विमान असेल, तर निदान आदल्या दिवशी बेट सोडावे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सँटोरिनी बेटाला वेगवान कॅटामरान (जोड-सांगाड्याची बोट) सुमारे 5 तासांत पोहोचते, मोठी बोट 8 तास घेते. तरीही ज्यांना बोट लागते त्यांनी मोठीच निवडावी, कारण ती लाटांवर कमी हेलकावते, उघड्या डेकवर बसता येते आणि (माझ्या मते हे गौण आहे) तिकीटही स्वस्त पडते. वाटेतल्या पारोस, नाक्सोस या बेटांवर बोट जेमतेम काही मिनिटे थांबते, त्यामुळे घोषणा होताच खाली गाड्यांच्या मजल्यावर उतरून, बेटाचे नाव लिहिलेल्या मांडणीतून आपली बॅग काढून, मागचा दरवाजा उघडण्यापूर्वीच तयार राहावे.