गच्चीवर खोली बांधू नका

पत्र : "ताई, मी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालो. अंबाजोगाई तालुक्यात राहतो. दिवाळीनंतर इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. तेव्हापासून पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास न चुकता बसतो. झोप सुधारली, बीपी उतरलं, गोळी मी अर्धी केली. चिडचिडही कमी झाली. अडचण घरातल्या आवाजाची आहे. सून पहाटेच मिक्सर लावते, तिच्या मोबाइलवर गाणी चालू असतात. ३ वर्षांचा नातू उठला की रडतो. आमच्या मंडळी तेवढा वेळ त्याला घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसतात, गुडघे दुखतात तरी. पण मिक्सरचं काय करावं? गच्चीवर पत्र्याची खोली काढावी म्हणतो. मुलगा म्हणतो, खर्च कशाला. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा."

भाऊ,

तुमच्या मुलाला मी काहीही सांगणार नाही. मिक्सर, मोबाइल, खोली यांना पत्रात ऐसपैस जागा मिळालीय आणि ज्या बाईच्या जिवावर तुमची बैठक चाललीय तिच्या वाट्याला तीन शब्द आलेत. गुडघे दुखतात तरी. पौषातली पहाट, गार दगडाचा पार, कडेवर रडणारं पोर. वहिनी आपणहून जातात की तुम्ही सांगितलं म्हणून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कसंही असलं तरी मला ते पटलेलं नाही.

ध्यानाने तुम्हाला फायदा झालाय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. श्वास संथ झाला, उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, सदा ताठ राहिलेलं शरीर सैल पडतं. रोज बसणाऱ्याला राग यायच्या आधी त्याची चाहूल लागते, तोंडातून शब्द जायच्या आत सावरता येतं. नेमाने बसण्याची खरी कमाई ही. पण ती मोजायची कुठे? आसनावर बसून कळत नाही. सून मिक्सर लावते तेव्हा कळते. चिडचिड कमी झाली असं तुम्ही लिहिलंत, ते सुनेला एकदा विचारून बघा.

इगतपुरीत पहाटे ४ ला घंटा होत होती. तुमचं जेवण तयार असायचं. तिथे तुमची बैठक कुणी सांभाळली, आठवतं? धम्मसेवकांनी, एक पैसा न घेता. आणि ज्याने स्वतः एक तरी शिबिर पूर्ण केलंय त्यालाच तिथे अशी सेवा करता येते. म्हणजे १० दिवस बसून तुम्ही दुसऱ्याची बैठक सांभाळायच्या लायक झालात. घरी येऊन केलंत काय, तर जिने शिबिराचं तोंडही पाहिलं नाही तिलाच सेवेला लावलंत. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान शिकवून नऊ दिवसांचं मौन सोडायला सांगतात ते उगाच नाही. घरच्या गलक्यात परतायच्या आधी माणसाला बोलण्याची, आवाजाची सवय व्हावी म्हणून तो दिवस ठेवलेला असतो. तुम्ही नऊ दिवस घरी घेऊन आलात आणि दहावा तिथेच सोडून आलात.

आणखी एक. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबट-झिन यांनी ध्यानाचा वर्ग सुरू केला. तिथे आले ते जुन्या दुखण्याला कंटाळलेले रुग्ण, औषधांनी ज्यांचं पुरतं भागत नव्हतं असे. दुखऱ्या शरीराशी कसं राहायचं हे त्यांना बसून, चालून, साध्या कामांतून शिकवलं गेलं. तुमच्या घरात दुखणारं माणूस कोण आहे? तेच पारावर बसलंय आणि ध्यान मात्र तुमच्या वाट्याला आलंय.

खोलीचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखाली दुपारचीच नव्हे, संध्याकाळचीही बैठक जमणार नाही. पण मी उन्हाळ्यासाठी नाही म्हणत नाहीये. गच्चीवर गेलात की खाली उतरताना प्रत्येक आवाज तुम्हाला दुप्पट टोचेल. आपल्या गंगाखेडच्या जनाबाई जात्याच्या घरघरीत नाम घेत होत्या, त्यांना वेगळी खोली कुणी दिली नव्हती. आणि तुम्ही तर ड्रायव्हर! मांजरसुंब्याच्या घाटात मागे लेकरं रडत असतील, काचा खडखडत असतील, कुणी घंटीची दोरी ओढत असेल, तरी तुमची नजर वळणावरच असणार. इतकं एकाग्र मन तुमच्याकडे शिबिराच्या आधीपासून आहे. त्याला मिक्सर जड जाऊ नये.

तर उद्या पहाटे वहिनींना उठू देऊ नका. गोधडी अंगावर नीट घाला आणि नातू उठला की तुम्ही घ्या. मधल्या खोलीत, दार उघडं ठेवून, त्याला मांडीवर घेऊन बसा. तो रडेल, मिशा ओढेल, पाणी मागेल. पाणी द्या आणि परत बसा. मिक्सर लागला की इगतपुरीत अंगाला खाज सुटल्यावर काय करत होतात तेच करा : आली, राहिली, गेली. तास पुरा झाला नाही, १५ मिनिटंच जमली, तरी चालेल. संध्याकाळी मुलगा घरी असतो ना? तेव्हा नातू त्याच्याकडे द्या आणि आपला तास शांतपणे करा. सुनेला मिक्सरबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, पहाटे उठून ती कुणाच्या डब्यासाठी वाटण करते ते आधी बघा.

गोळी अर्धी केलीत ती डॉक्टरांना विचारून केलीत का? नसेल तर आजच पुन्हा पूर्ण सुरू करा. ध्यानाने बीपीला हातभार लागतो, पण गोळी किती कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. पत्रे सांगून ठेवले असतील तर नको म्हणून कळवा. आणि याच आठवड्यात वहिनींना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात घेऊन जा, गुडघे दाखवा, एक्स-रे सांगितला तर काढून घ्या. तुम्ही स्वतः सोबत जा, मुलाला पाठवू नका.

— तुमची ताई