नागपूरजवळच्या टेकडीवर मुलांच्या शिक्षणासाठी निधी-पदभ्रमण काढायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

आपल्या कार्यालयातील पंचवीस-तीस सहकाऱ्यांनी मिळून नागपूरजवळच्या एखाद्या टेकडीवर पदभ्रमण करावे आणि त्यातून गरजू मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारावा, असा आपला विचार आहे. मात्र ‘चालण्याचा खटाटोप कशाला, सरळ पैसे काढून द्या’ असे काही सहकारी म्हणतात, म्हणून हे करावे का आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. रामटेकच्या गडावर असे पदभ्रमण घडवून आणणाऱ्या एका छोट्या गटात मी काही वर्षांपासून आहे. त्या अनुभवावरून सांगतो की उपक्रम अवश्य करावा, परंतु टेकडी आणि तारीख ठरवण्याआधी पैसा कोणत्या मुलांच्या, कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या खर्चासाठी जाणार आहे हे ठरवावे.

सहकाऱ्यांचा आक्षेप चुकीचा नाही. तीस जणांनी केवळ स्वतःच्या खिशातून देणगी दिली, तर ती एकदा दिली जाते आणि विषय संपतो. पदभ्रमणात मात्र प्रत्येक जण आपले शेजारी, नातेवाईक, गृहनिर्माण संस्थेतील ओळखीचे अशा दहा-बारा जणांकडे जाऊन ‘मी या मुलांसाठी गड चढणार आहे, आपण किती द्याल?’ असे विचारतो, आणि ज्यांच्याकडे एरवी कोणी गेले नसते अशी माणसेही शंभर-दोनशे रुपये आनंदाने देतात. शिवाय ज्याने दहा जणांकडे मागितले, त्याला त्या दहा जणांना पुढे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे पैशाचे पुढे काय झाले याकडे तो स्वतः लक्ष ठेवतो. मला या उपक्रमाचे खरे मोल यातच वाटते.

आता मुख्य गोष्ट. शिक्षण हक्क कायदा 2009 चा; तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाची हमी देतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकेही मोफत मिळतात. असे असताना बहुतेक गट पहिली-दुसरीच्या मुलांना दप्तरे आणि वह्या वाटतात, कारण ते सोपे असते आणि लगेच दिसते. गळतीचा धोका खरा वाढतो तो नववीत. रामटेक तालुक्यातील देवलापारच्या बाजूच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांत मुलाची गावातली शाळा संपली की पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारते, जनावरांची भीती असते, एसटीची वेळ जादा तासाशी जुळत नाही, आणि मग घरचे म्हणतात की आता पुरे, शेतावर चल. अशा वेळी एक सायकल, दहावीच्या परीक्षेचे शुल्क, किंवा अकरावीला रामटेकला अथवा नागपूरला राहण्याचा खर्च, यांपैकी एखादी गोष्ट वेळेवर मिळाली तर शिक्षण चालू राहते.

म्हणून आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा, आणि शासनाकडून काय मिळते, काय मिळत नाही, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. जे मिळतच आहे त्यावर आपला निधी घालवू नये. उदाहरणार्थ, आठवीत घेतल्या जाणाऱ्या एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती) परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये केंद्राची शिष्यवृत्ती मिळते. त्या परीक्षेच्या तयारीसाठी एखाद्या शिक्षकाच्या जादा वर्गाला आणि सराव-पुस्तिकांना केलेली थोडी मदत पुढे चार वर्षे उपयोगी पडते. आम्हाला हे फार उशिरा कळले, याचे अजूनही वाईट वाटते. आणखी एक: चार मुलांची नववी ते बारावी अशी चार वर्षे पेलणार असतील तर चारच मुले घ्या, चाळीस मुलांना एका वर्षाची मदत करून पुढच्या वर्षी हात वर करणे मला योग्य वाटत नाही.

पैशाच्या व्यवहाराबाबत काटेकोर राहावे. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41 क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. ते जमणार नसेल तर शिक्षणाचे काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत न्यासाला बरोबर घ्या आणि सर्व रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा होऊन पावती त्याच्याच नावाने निघेल अशी व्यवस्था करा. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नये, मग तो माणूस कितीही विश्वासू असो. करसवलतीची अपेक्षा असलेल्या देणगीदाराला आधीच सांगावे की 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही.

जागा म्हणून रामटेक मला सर्वांत सोयीचे वाटते. नागपूरहून साधारण पन्नास किलोमीटर, रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत, आणि चढ इतपत आहे की पन्नाशीतली माणसेही सावकाश चढतात. आम्ही वर पाचव्या शतकातील वाकाटककालीन नरसिंह मंदिरांपाशी थांबून माणसे मोजतो, गडमंदिर आणि कालिदास स्मारक पाहतो, आणि अंबाळा तलावाच्या बाजूने उतरतो. ही मंदिरे संरक्षित वास्तू आहेत, त्यामुळे तेथे फलक बांधू नयेत. मार्गासाठी नगरपरिषद, पोलीस ठाणे आणि वनविभाग यांच्याकडे लेखी विचारणा करावी. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर मोठी यात्रा भरते, ते दिवस टाळावेत, आणि मार्चनंतर नागपूरच्या उन्हात हा विचारही करू नये. आधी दोन रविवार नागपुरातच सेमिनरी हिल्स ते फुटाळा तलाव असा सराव केला की कोणाला त्रास होतो ते लक्षात येते. गडावर माकडे हातातली पिशवी ओढून नेतात, म्हणून खाणे बंद पाठपिशवीत ठेवावे. न्याहारीला खाली येऊन पोहे आणि त्या दिवसांतली आंबिया बहाराची संत्री पुरेशी होतात.

आमच्या दोन चुका सांगतो. पहिल्या वर्षी टी-शर्ट, पदके आणि मंडप यांवर इतका खर्च झाला की जमलेल्या रकमेचा मोठा भाग त्यातच गेला. तेव्हापासून चालण्याचा सगळा खर्च चालणारेच वेगळे पैसे भरून करतात आणि देणगीतला रुपया मुलांकडेच जातो. दुसरी चूक अधिक गंभीर होती. आम्ही मुलांना गडाच्या पायथ्याशी बोलावून, सर्वांसमोर सायकली देऊन छायाचित्रे काढली. पुढच्या वर्षी त्यांतल्या एका मुलीने मदत नाकारली, आणि शाळेत तिला ‘दानाची सायकल’ म्हणून चिडवतात हे तिच्या आईकडून कळले. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आता मदत शाळेमार्फत, पालकांच्या हाती, कोणताही समारंभ न करता दिली जाते, आणि मुलांची नावे देणगीदारांनाही सांगितली जात नाहीत.

देणगीदारांना मात्र हिशेब मिळालाच पाहिजे. पदभ्रमणानंतर महिनाभरात किती जमले, कशावर किती गेले, किती शिल्लक आहे, याचा एक पानी तक्ता न्यासाच्या सहीने प्रत्येकाला पाठवा, आणि जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा सुरू झाल्या की किती मुले पुढच्या वर्गात गेली आणि किती थांबली, हे दोन्ही त्याच यादीतल्या सर्वांना कळवा.