टर्मिनलमध्ये घातांक आणि रेणुसूत्रातले खालचे अंक कसे छापायचे?

तुमचा पायथॉन प्रोग्रॅम क्षेत्रफळापुढे "मी^2" छापतो, तुम्हाला "मी²" हवंय, आणि एचटीएमएलचा सुपरस्क्रिप्ट टॅग घातला तर तो टॅगच स्क्रीनवर उमटतो. उमटणारच. टर्मिनलला टॅग कळत नाहीत. मिळालेली अक्षरं ते एका ओळीत, एकाच आकारात मांडतं. तेव्हा मुळातच लहान असलेली अक्षरं त्याला द्यायला हवीत, आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, आहेत.

खालचे अंक सलग आहेत, हेक्स (सोळाच्या पटीत मोजलेले क्रमांक) २०८० ते २०८९. वरच्यांची रांग तुटक आहे. ¹ ² ³ ही तीन लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचात आधीपासून होती, म्हणून ती तिथेच राहिली (बी९, बी२, बी३). शून्य २०७० वर, ४ ते ९ हे २०७४ पासून पुढे. मधल्या २०७१ वर लहान आय बसलाय, २०७२ आणि २०७३ रिकामे. म्हणून २०७० मध्ये अंक मिळवून अक्षर काढायच्या भानगडीत पडू नका. पायथॉनच्या str.maketrans (मेकट्रान्स) या अक्षरबदलाचा तक्ता बनवणाऱ्या फंक्शनला "0123456789-" आणि "⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹⁻" या दोन स्ट्रिंग द्या आणि छापताना तो तक्ता स्ट्रिंगच्या translate (ट्रान्सलेट) मेथडला द्या.

छापतानाच, हे मी मुद्दाम सांगतोय. डेटात, फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये ही अक्षरं अजिबात साठवू नका. "²" हा अंक आहे का असं विचारलं तर isdigit (आयएसडिजिट) हो म्हणतं, पण तेच संख्या बनवणाऱ्या int ला (इंटला) दिलं की एरर येते. त्याहून घातक म्हणजे कोणी मजकुरावर एनएफकेसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची खास रूपं साध्या रूपात बदलणारी प्रक्रिया) चालवलं की 10³ चं थेट 103 होतं. एररही येत नाही, आकडा गुपचूप बदलतो.

विंडोजवर आउटपुट फाइलकडे वळवलं की कधी ² नीट जातो आणि ₂ वर प्रोग्रॅम कोसळतो. विंडोजच्या १२५२ कोडपेजमध्ये (मोजक्या अक्षरांच्या जुन्या संचात) पहिला आहे, दुसरा नाही, एवढंच कारण. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, त्यात युनिकोडमधलं प्रत्येक अक्षर बसतं.

अंकांऐवजी इंग्रजी अक्षरं हवी असतील तर मात्र कठीण आहे: खाली बसणारे बी, सी, डी युनिकोडमध्ये नाहीतच. तिथे अंडरस्कोर बरा. आलेख काढत असाल तर मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख-लायब्ररीत डॉलर चिन्हांत सूत्र लिहा, हा सगळा खटाटोप लागत नाही.

देवनागरी अंकांना घातांकाची रूपं नाहीत. ए८ई० ते ए८ई९ वर डोक्यावर बसणारे देवनागरी अंक सापडतील, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत. आधीच्या अक्षराच्या थेट वर चढतात, बाजूला येत नाहीत. मराठी आउटपुटमध्ये मी सरळ "चौ. मी." आणि "घ. मी." लिहितो.